दाराकडं वळवलेले बूट

१

माणूस कसा आहे ते त्याच्या दारातल्या पादत्राणांवरून ओळखावं, असं तोकिको म्हणायची. आणि तिला तसं म्हणायचा हक्क होता. सहलीच्या बसवर गाईड म्हणून तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं, आणि त्यातलंही निम्मं लोकांच्या बुटांपुढं वाकण्यात गेलं होतं. पाहुणे बूट काढून देवळात शिरले की बुटांची टोकं आतल्या बाजूला राहतात. मग गाईडनं एकेक जोड उचलायचा आणि टोकं दाराकडं करून ठेवायचा. परत येणाऱ्यानं नुसता पाय सरकवायचा नि चालू लागायचं. शिकाऊ असताना हे ती ओरडा खाऊन शिकली, पुढं तो हाताचा स्वभावच झाला. कुणाच्या मयताला गेली तरी डोळे पुसता पुसता दारातले दोन-चार जोड वळवूनच ती आत जायची.

त्या दिवशी सहलीत एक जागा रिकामी राहिली होती, म्हणून तिनं आईला बरोबर घ्यायचं ठरवलं.

"फुकटची जागा मिळाली तेव्हा आई आठवली," हात्सुने म्हणाली. ऐंशी पार केलेली बाई, पण जिभेला म्हातारपण शिवलं नव्हतं. "आणि नेऊन दाखवणार काय, तर देवळं. मला आता देवळं दाखवायची गरज आहे का? थोड्या दिवसांत मुक्कामालाच जाणार आहे."

"आई, मोजे बघ आधी. अंगठा बाहेर आलाय."

काळा दोरा सापडला नाही. तोकिकोनं तांबड्या दोऱ्यानं भोक रफू केलं. आईनं पाय पुढं करून बघितला. "अंगठ्याला सारसाची तांबडी टोपी घातलीस की गं!"

मग ती शेजारणीला सहलीची बातमी द्यायला आधीच गल्लीत गेली. तोकिकोनं गॅस बंद केला, कुलूप घेतलं आणि उंबऱ्याशी येऊन सवयीनं दारातलं सगळं सरळ केलं. आईच्या खडावा, आपल्या जुन्या चपला, आणि कोपऱ्यातले वडिलांचे पांढरे रबरी गमबूट. वडील नवे गमबूट घालून माकुलं पकडायच्या बोटीवर गेले ते परत आलेच नाहीत. तोकिको तेव्हा शाळेत होती. जुने बूट दारात राहिले ते राहिलेच. आई त्यांची धूळ पुसायची, पण जागचे हलवायची नाही. टोकं नेहमी घराच्या आत.

आज हात थांबला नाही. सगळ्यांबरोबर तेही दाराकडं वळले. दार कसं नीटनेटकं दिसलं! तोकिकोनं ते ओढून कुलूप लावलं आणि ती निघाली.

२

पहिलं देऊळ समुद्रात घुसलेल्या भूशिरावर होतं. नोव्हेंबरचा समुद्र शिशासारखा करडा, वर आभाळही त्याच रंगाचं. पाहुणे सगळे शहरातले, निवृत्त झालेले, थर्मास आणि गुडघेदुखीची गोळी बाळगणारे. त्यातले निशिगोरी म्हणून एक लोणच्याचे व्यापारी फार बोलके होते. तोकिको त्यांचे बूट वळवायला वाकली तसे म्हणाले, "गाईडबाई, एवढ्या वर्षांत आमच्या हिला हे जमलं नाही. तुम्ही घरीच चला कशा."

"न्या हो तुम्हीच," त्यांच्या बायकोनं मागून टोला हाणला. "नुसते बूट काय वळवता, माणूसच उचलून न्या."

हशा झाला, मंडळी आत गेली. तोकिको एका टोकापासून बूट वळवत दुसऱ्या टोकाला आली. शेवटी आईचे छोटे काळे बूट. टाचा ताठ, जणू आजच दुकानातून आणलेत. आईचा तो नियमच होता. बुटाची टाच चेपून चालणारा माणूस घर चेपून ठेवतो, असं ती म्हणायची, आणि लहानपणी तोकिकोनं त्यापायी चापट्या खाल्ल्या होत्या.

आईच्या बुटांच्या पलीकडं, हातभर अंतरावर, पांढरे गमबूट होते. ओले. आजूबाजूच्या दगडावर पाण्याचं डबकं झालेलं. टोकं आधीच दाराकडं.

असेल देवळातलाच कुणी झाडूपोछावाला, तिनं मनात म्हटलं. कोळ्यांचा मुलूख, इथं दर तिसऱ्या घरात पांढरे गमबूट. पण झाडूवाल्याचे बूट मागच्या दाराला असतात, पाहुण्यांच्या ओळीत नसतात. हेही तिला ठाऊक होतं.

मंडळी बाहेर आली तेव्हा गमबूट गेलेले होते. पाण्याचं डबकं तेवढं तिथंच होतं, आणि त्यातून कुठं जाणारं एकही ओलं पाऊल नव्हतं.

३

जेवणाचे डबे बसमध्येच उघडले. हात्सुनेनं बांगड्याची सुशी चघळत निशिगोरींना त्यांच्याच लोणच्यातल्या मिठाबद्दल चार गोष्टी सुनावल्या. ते खूश होते. तोकिकोही हसत होती. उन्हाचा एक कवडसा आला, आणि सकाळचं ते गमबुटांचं तिला अगदी पोरकट वाटायला लागलं.

दुसरं देऊळ खडकावरचं, लाल कमानीचं. पाहुणे चटयांवर ओळीनं बसले, पुजाऱ्यानं कागदी झालर लावलेली काठी त्यांच्या डोक्यांवरून फिरवायला सुरुवात केली. दारात तोकिको वाकली.

गमबूट तिथं होते.

या वेळी हातभर लांब नव्हते. आईच्या बुटांना चिकटून होते, लग्नाच्या फोटोत नवराबायको उभी राहतात तसे. ओलेच. डाव्या घोट्यापाशी सायकलच्या ट्यूबचं काळं तिकोनी ठिगळ.

ते ठिगळ तिनं स्वतः लावलं होतं. म्हणजे वडिलांनी लावलं, आणि डिंक सुकेपर्यंत ते अंगठ्यानं दाबून धरायचं काम तिचं होतं. "दाब, अजून दाब," वडील म्हणायचे. एक कोपरा तिच्या अंगठ्याखाली दुमडला गेला होता. तो अजून दुमडलेलाच होता.

तिनं सरकत्या दाराच्या फटीतून आत बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. आई शेवटच्या ओळीत, कडेला. तिच्या शेजारची चटई मोकळी होती, पण एका माणसाच्या बैठकीएवढी काळपट, भिजलेली. तोकिको बघत असतानाच आईनं मान न उचलता आपल्या कोटाचा घोळ जवळ ओढून घेतला. शेजारी कुणी बसताना आपण ओढून घेतो तसा.

४

बस सुटली. गाईडनं पाहुण्यांकडं तोंड करून उभं राहायचं, माईकवर दोन गमती सांगायच्या. तोकिकोनं आज माईक ड्रायव्हर कुराहाशींच्या शेजारी ठेवून दिला आणि म्हणाली, "आज तुमची गाणी लावा."

"बाई, तब्येत बरी नाही का? चेहरा पांढरा पडलाय."

"थंडीनं."

ती आईशेजारी जाऊन बसली. सांगावं की नाही, कसं सांगावं, याचा विचार करत होती, तोच आई खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "सकाळी दारातले बूट तू वळवलेस का?"

"हो... सगळेच वळवले."

"त्यांचेही?"

हात्सुनेनं डोळे मिटले. रागावली नाही, आणि त्याचीच तोकिकोला जास्त भीती वाटली.

"मला वाटलंच. सकाळपासून कुणीतरी कानाशी 'चल, चल' करतंय. त्यांची सवयच ती. कुठं निघाले की दारात उभं राहून हाका मारायच्या. माझं निम्मं आयुष्य केसात काटा खोचत धावण्यात गेलं."

"आई, काय बोलतेस तू?"

"आपल्या गावचं सांगते. तू शहरात शिकलीस, तुला पाहुण्यांचे रीतिरिवाज ठाऊक. ज्याचे बूट दाराकडं वळवले त्याला निघावंच लागतं. जिवंत असो नाहीतर नसो. नको असलेला पाहुणा लवकर टळावा म्हणून आमच्या सासूबाई त्याचा चहा संपायच्या आधी बूट वळवून ठेवायच्या." ती किंचित हसली, मग हसू विरलं. "घरी आलेल्याचे बूट आत तोंड करून असतात. म्हणून मी ते तसे ठेवले. घरात आहे, घरात राहू दे. आता निघालेत. आणि एकटं जाणारा माणूस नव्हे तो."

तोकिकोनं आईचा हात घट्ट धरला. सुरकुतलेला, कोरडा, उबदार हात. "मी तुला घरी नेणार. काहीही होवो. शेवटच्या देवळात तू उतरूच नकोस."

"ते देऊळ आपल्याच गावचं. त्यांच्या नावाची पाटी तिथं आहे. तिथं सांगितलं तर ऐकतील. मी सांगते परत फिरा म्हणून." आईनं तिच्या हातावर थोपटलं. "तू एवढंच कर, त्या बुटांना हात लावू नकोस. भीती वाटली तरी जागची हलू नकोस. आणि आता तोंड नीट कर, पाहुणे बघतायत."

५

शेवटच्या देवळात समुद्रात बुडालेल्यांच्या लाकडी पाट्या एका अंधाऱ्या दालनात ओळीनं लावलेल्या होत्या. पाहुणे पटकन बघून निघाले. खालच्या खानावळीत खेकड्यांचं जेवण सांगून ठेवलं होतं, त्याचा वास वर येत होता. कुराहाशी त्यांना घेऊन पुढं गेले.

"आईंना घेऊन या तुम्ही सावकाश," ते म्हणाले. "त्यांच्या वाटचा खेकडा मी धरून ठेवतो. मेलेला आहे, पळणार नाही."

आई दालनात एकटी होती. दिवस अजून मावळला नव्हता, पण आभाळ इतकं खाली आलं होतं की देवळाच्या दारात संध्याकाळ साचली होती. पायरीवर आता तीनच जोड उरले. पाहुण्यांमागं लगबगीत आत-बाहेर करताना काढलेले तोकिकोचे, आईचे, आणि ते.

आतून आईचा आवाज आला. दबका, पण खडसावणारा. "...मी नाही येणार. पोर आहे माझी इथं."

मग उत्तर आलं. आईच्याच आवाजात.

"चल. उशीर होतोय."

"घरी जा परत. ऐका माझं."

"चल."

आवाज एकच होता, बोलणारे दोन. तोकिकोनं स्वतःला समजावलं, आई नक्कल करतेय. वडिलांची गोष्ट सांगताना ती नेहमीच करते. पण नकलेत आई वडिलांसारखा घोगरा आवाज काढायची. हे तर उलटंच चाललं होतं. हळूहळू पहिला आवाज बारीक झाला, तुटक झाला, आणि थांबला. दुसरा तेवढा राहिला. "चल," तो म्हणाला. अगदी स्वच्छ, ठणठणीत, आईचा.

नंतर लाकडी फरशीवर धावती पावलं.

इतक्या वर्षांची सवय. पाहुणा बूट घालताना गाईड मान वर करत नाही. भीतीनं तर ती आणखीच खाली गेली. पायरीच्या दगडावर तिला फक्त आईचे बूट दिसत होते, आणि एका काळ्या सावलीचे पाय. एक पाय बुटात घुसला आणि टाच कचकन चेपली. दुसरा घुसला, तीही चेपली.

आई नाही. आई असं मेली तरी करणार नाही.

एका हातानं तोकिकोची बाही धरली आणि दाराकडं ओढली. शब्द नाही, नुसता धापांचा आवाज, घशात काहीतरी अडकल्यासारखा. बाही पुन्हा ओढली गेली, जिवाच्या आकांतानं. तोकिकोनं डोळे गच्च मिटले, सगळं बळ एकवटून हात हिसडून घेतला. थोडा वेळ ते तिथंच उभं राहिलं. मग चेपलेल्या टाचांची फटक फटक उतारावरून दूर गेली.

आणि आतून, अंधारातून, आईनं हाक मारली. "तोकि, अगं माझे बूट कुठं गेले?"

तोकिकोला रडूच कोसळलं. "ते घालून गेलं कुणीतरी, आई!"

"जाऊ दे. गेलं ना, बरं झालं. मी हेच पांढरे घालते."

"नको!" ती ओरडली. तिनं आपले बूट उचलले, टोकं दाराकडं करून ठेवले आणि बाजूला झाली. "माझे घाल. मी मोज्यांवर चालेन."

"गुणाची गं माझी लेक. मान वर करू नकोस हां. ते अजून बाहेर घुटमळत असतील."

पाय बुटात शिरले. टाचा नीट राहिल्या.

६

खानावळीच्या दारातून तोकिकोनं कुराहाशींना सांगितलं, आईला घरी सोडून येते. घर तिथून वरच्या गल्लीत. आई बाहेर भिंतीच्या कडेला थांबली होती.

"आत या म्हणावं, रस्सा तरी घ्या गरम," निशिगोरी ओरडले.

"नको म्हणतेय. दमलीय."

हात धरून दोघी चढणीला लागल्या. दगडांचा गारवा मोज्यांतून तळपायात शिरत होता. आईचा हातही गार होता, ओलसर. देवळाच्या कुंडावर धुतला असेल, तोकिकोला वाटलं. बोलावंसं वाटत होतं, पण आई गप्प होती. दमली असेल. मागं वळून बघायची हिंमत नव्हती, शेजारी बघायची का होत नव्हती ते तिलाच कळेना.

एका वळणावर तिच्या ध्यानात आलं. तिचे बूट आईला चांगले दोन बोटं मोठे. घरात कधी आईनं ते पायात घातले तर खळक खळक वाजायचे, आणि आई म्हणायची, "तुझ्या बुटात होडीत बसल्यासारखं वाटतं." आता शेजारी ते वाजत नव्हते. पाऊल कसं भरून पडत होतं.

बोटं आवळून चालत असेल, म्हातारं माणूस. पडायची भीती. तोकिकोनं तो विचार तिथंच बंद केला.

"आलंच घर," आईचा आवाज म्हणाला.

७

घरात दिवा लागलेला होता.

कुलूप तोकिकोनं स्वतः लावलं होतं. आता ते उघडं होतं. दुसरी किल्ली आईच्या बटव्यात असायची. पण आई तर इथं, तिच्या शेजारी. कोपऱ्यात गमबुटांची जागा रिकामी, तिथं नुसतं ओलं कडं. आणि उंबऱ्यासमोर, घाईघाईनं काढून टाकलेले, आईचे छोटे काळे बूट. टाचा चेपलेल्या. टोकं आत.

कागदी सरकदारामागून कुणीतरी हललं. बुटकी सावली कागदावर उमटली.

"कोण आहे?" तोकिको म्हणाली.

उत्तर नाही. आतल्या चटईवर तळहात आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा पुन्हा, भराभर.

"बघ, बोलत नाहीये," मागून आईचा आवाज अगदी कानाशी आला. "मी असते तर बोलले नसते का? माझं तोंड कधी बंद राहिलंय?"

खरंच होतं ते. तोकिकोला त्या क्षणी हसूही आलं आणि रडूही.

"मला घरात यायचंय, तोकि. थंडी वाजतेय. ते बूट वळव म्हणजे ते निघेल."

हे काम तिला येत होतं. जगात दुसरं काही आलं नाही तरी हे येत होतं. ती खाली बसली, आईचे बूट दोन्ही हातांनी उचलले आणि टोकं दाराकडं करून जोडून ठेवले.

आतले हात आपटायचे थांबले.

मग सरकदार हळू बाजूला झालं, आणि पावलं उंबऱ्याकडं आली. घाई नव्हती आता. तोकिकोनं कमरेत वाकून मान खाली घातली. पाहुणा निघतो तेव्हा घालतात तशी. मानेवर मागून एक गार हात मायेनं टेकला.

"बघू नकोस. जाऊ दे त्यांना."

पण पायरी तिच्या डोळ्यांसमोरच होती, आणि तिच्यावर दिव्याचा उजेड पडला होता. काळ्या मोज्यांतले दोन लहान पाय तिथं येऊन थांबले. एका अंगठ्यावर तांबड्या दोऱ्याचं रफू होतं. सारसाची टोपी.

पाय बुटात सरकले. मग एक सुरकुतलेलं बोट खाली आलं. त्यानं आधी एका बुटाची चेपलेली टाच वर उचलून नीट केली, मग दुसऱ्याची. तोकिको मान वर करायला गेली. मानेवरचा हात फार जड झाला होता. ते छोटे बूट तिच्या बाजूनं गेले, दाराबाहेर पडले आणि उतारावरून, समुद्राकडं, टाचा न वाजवता चालू लागले.

तोकिकोच्या शेजारी कुणीतरी खाली बसलं. आपल्या पायातले तिचे बूट काढले आणि कोपऱ्यातल्या ओल्या कड्यावर नीट जोडून ठेवले. टोकं आत.